गिटारच्या पोटातल्या उभ्या पट्ट्या

गेल्या चवथीला आमच्याकडे, गोव्यात, गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीतला एक नारळ सुटला आणि नेमका गिटारवर पडला. आरतीला घुमट आणि शामेळ ही चामड्याची वाद्यं, कासाळे म्हणजे झांजा, असा सगळा गजर चालू होता, त्यामुळे बाकी कुणाला काही कळलं नाही. मला मात्र कळलं. लाकूड चिरतं तेव्हाचा आवाज एकदा कानात बसला की तो आरतीतूनही ऐकू येतो.

गिटार मीच बनवलेली. भाचा ती घेऊन आला होता आणि भिंतीला कुशीवर टेकवून आरतीला उभा राहिला होता. म्हणजे एक बाजू बरोबर वर, माटोळीकडे. आरती संपल्यावर त्याने मोबाइलचा टॉर्च गोल भोकातून आत मारला. चीर बघायची सोडून म्हणाला, “मामा, आत ह्या उभ्या पट्ट्या कशाला लावल्यायत? आवाजासाठी?”

हा प्रश्न मला सारखा येतो. हाताने बनवलेल्या चांगल्या गिटारच्या आत डोकावलं की बाजूंवर ठरावीक अंतराने चिकटवलेल्या बारीक पट्ट्या दिसतात, लाकडाच्या किंवा कापडाच्या. कुणाला वाटतं त्यांनी आवाज वाढतो, कुणाला वाटतं तारांचा ताण त्या पेलतात. शेजारचे मेस्त, ज्यांनी आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या, ते तर सरळ म्हणाले, “एवढ्याशा काड्या काय धरणार?” तिघांचंही चुकतं.

बाजू म्हणजे काय असतं

गिटार टेबलावर पाठीवर झोपवली आहे असं धरा. वरची फळी म्हणजे झाकण, खालची म्हणजे तळ, आणि दोघींच्या मधे फिरणारी उभी भिंत म्हणजे बाजू. ही भिंत दोन तुकड्यांची असते, डावा आणि उजवा. प्रत्येक तुकडा साधारण ८० सेंटिमीटर लांब, १० ते १२ सेंटिमीटर उंच आणि फक्त २ मिलिमीटरच्या आसपास जाड. तीन एटीएम कार्डं एकावर एक ठेवली तर ती यापेक्षा थोडी जाडच भरतील.

एवढी पातळ का? कारण ती वाकवायची असते. फळी ओली करून तापलेल्या नळीवर हळूहळू झुलवायची. उष्णतेने लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा घटक मऊ पडतो, फळी हाताखाली एकदम ‘देते’, आणि थंड झाली की तोच आकार धरून बसते. शिसवीची फळी वाकवताना जो गोडसर वास सुटतो त्यासाठी मी उन्हाळ्यातही तापलेल्या नळीपाशी तासभर बसतो. जाड फळी अशी वाकत नाही, कंबरेच्या वळणावर मोडते.

२ मिलिमीटरच्या कडेवर झाकण चिकटवायचं तर सरसाला धरायला जागाच नाही. म्हणून भिंतीच्या आतून, वरच्या आणि खालच्या काठाला लाकडाची एक पट्टी फिरवतात. ती सहज वळावी म्हणून तिला करवतीने ओळीने खाचा पाडलेल्या असतात, त्यामुळे ती कंगव्यासारखी दिसते. हिला लायनिंग म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं अडलं आहे.

ताण नेमका कुणाच्या अंगावर येतो

स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून ताण ७० किलोच्या घरात जातो. सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं, म्हणजे जवळजवळ दीड पोतं सतत लोंबकळतंय. पण हे ओझं लांबीच्या दिशेने असतं. वरच्या फळीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजला त्या पुढे ओढतात, मान वर उचलायला बघतात. ते पेलायला वरच्या फळीखाली आडव्या-तिरक्या पट्ट्या असतात, मानेच्या मुळाशी ठोकळा असतो, शेपटीकडे दुसरा ठोकळा असतो. बाजूही त्यातला वाटा उचलतात, पण लांबीच्या दिशेने, आणि त्या दिशेने लाकूड भलतंच भक्कम असतं.

आपल्या पट्ट्या उभ्या आहेत, झाकणापासून तळापर्यंत. लांबीच्या ओढीला त्या काय उत्तर देणार? त्यांचं काम निराळंच आहे.

लाकूड कुठून फाटतं

माडाच्या झावळीतलं एक पान घ्या. लांबीने ओढलं तर तुटता तुटत नाही. नखाने मधे जरा चीर दिली की मात्र ते देठापासून टोकापर्यंत सर्रकन उभं फाटतं. लाकडाचं हेच आहे. त्याचे तंतू एका दिशेने धावतात. तंतू तोडणं कठीण, दोन तंतूंमधली जागा उघडणं सोपं. चुलीसाठी लाकूड फोडणारा कुऱ्हाड कुठल्या दिशेने घालतो ते आठवा.

गिटारच्या बाजूत हे तंतू लांबीने धावतात, भिंतीभोवती फिरत. नाइलाजच आहे, तसे ठेवले नाहीत तर फळी वाकणारच नाही. त्यामुळे बाजूला मार बसला की चीर पडते तीही लांबीनेच. कंबरेजवळ चीर फारशी पडत नाही, कारण तिथे वळण घट्ट असतं आणि वळणाने ताकद येते. सपाट पत्रा बोटाने दबतो, नळीचा दबत नाही. धोका असतो तो खालच्या फुगवट्याच्या जवळजवळ सपाट भागाला, जिथे गिटार मांडीवर टेकते, खुर्चीला आपटते. किंवा माटोळीखाली येते.

चीर पडणं एकवेळ परवडलं. चीर *धावणं* परवडत नाही. दोन इंचांची चीर सरस भरून तासाभरात बसते. तीच कंबरेपासून शेपटीच्या ठोकळ्यापर्यंत गेली की दोन्ही ओठ वरखाली होतात, आणि ते पुन्हा एका पातळीत आणणं म्हणजे आठवडाभराची शिक्षा.

शिंपल्यांच्या खिडकीसारखं

गोव्याच्या जुन्या घरांमधल्या शिंपल्यांच्या खिडक्या बघा. पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेले. एक शिंपला फुटला तर तेवढाच फुटतो. तडा शेजारच्या चौकोनात जात नाही, कारण मधे पट्टी आहे. ती पट्टी शिंपल्याला मजबूत करत नाही. ती फक्त नुकसानीला हद्द घालून देते.

गिटारमधली उभी पट्टी हेच करते. चीर पुढे जायला तिचे दोन ओठ एकमेकांपासून लांब जावे लागतात. पट्टीचे तंतू बाजूच्या तंतूंना आडवे, म्हणजे चिरेच्या दोन्ही ओठांना ओलांडून चिकटलेले. ओठ उघडायचे तर आता पट्टीचे तंतू ताणून तोडावे लागतील, आणि तंतू तोडणं कठीण हे आपण झावळीत पाहिलं. त्यामुळे चीर पट्टीपाशी येते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. मेस्तांना मी हेच सांगितलं. काडी धरत नाही, अडवते. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

पट्टी कशाची करायची यावर गिटार बनवणाऱ्यांची तोंडं चार दिशांना. सुती कापडाची फीत सरसात भिजवून चिकटवणं ही जुनी रीत. १८३३ साली सुरू झालेल्या मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या जुन्या गिटारींत अशा फिती आजही दिसतात. फीत बाजूला कडक करत नाही, वजन जवळजवळ नाहीच, पण ओठ धरून ठेवते. दुसरी रीत लाकडाच्या काडीची: स्प्रूस किंवा महोगनी, ५-६ मिलिमीटर रुंद, दीड-दोन मिलिमीटर जाड, कडा घासून गोल केलेल्या. ही ओठ धरते आणि भिंतीला थोडा ताठरपणाही देते. हल्ली काही जण कार्बन फायबरची पातळ पट्टी वापरतात. भक्कम आहे यात वाद नाही, पण तिला घासताना उडणारी पूड मला नको वाटते. एका बाजूला सहा ते आठ पट्ट्या पुरतात. सपाट भागात जवळजवळ, कंबरेशी विरळ.

मी लाकडाच्या काड्या लावतो. कारण? हात त्यांना सरावलाय, एवढंच.

पट्टी संपते कुठे

आता त्या नारळाने काय केलं ते सांगतो. दोन चिरा पडल्या होत्या. पहिली बाजूच्या मधोमध, जिथे मार बसला तिथे. ती दोन्हीकडे धावली आणि दोन्हीकडच्या पट्ट्यांना जाऊन थांबली. मोजली तर जेमतेम ८ सेंटिमीटर. शाब्बास.

दुसरी चीर मला आधी दिसलीच नाही. बोट फिरवलं तेव्हा नखाला लागली. ती वरच्या काठाजवळ होती, लायनिंगच्या अगदी खाली, २२ सेंटिमीटर लांब, आणि तीन पट्ट्या ओलांडून गेलेली. अडवणाऱ्या तीन पट्ट्या असताना चीर निघून गेली कशी?

आत दंतवैद्याचा आरसा घातला तेव्हा माझीच चूक माझ्याकडे बघत होती. पट्ट्या कापताना मी त्या लायनिंगला भिडवल्या नव्हत्या. वरच्या टोकाला प्रत्येक पट्टी ४-५ मिलिमीटर अलीकडे संपत होती. घाईत वाटलं होतं, एवढ्याशा फटीने काय बिघडतंय.

बिघडतं ते असं. लायनिंग असलेला काठ जाड आणि कडक. पट्टी असलेली जागाही कडक. मधली ४-५ मिलिमीटरची फट मात्र नुसत्या २ मिलिमीटरच्या फळीची. बाजूला मार बसला की ती आत दबते, आणि दबताना सगळं वाकणं त्या एकाच मऊ जागेत गोळा होतं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधे बोटभर जागा सोडून वर कागद चिकटवा आणि वाकवा. कागद दुसरीकडे कुठे मोडणार? म्हणजे पट्टी लावून मी चिरेला अडवायच्या ऐवजी तिच्यासाठी पाऊलवाट आखून दिली होती. पट्टी नसती तर निदान वाकणं सगळ्या भिंतीवर पसरलं असतं.

त्यामुळे कुणी मला विचारलं की पट्टी कुठल्या लाकडाची, किती जाड, कुठल्या सरसाने, तर मी आधी उलट विचारतो की तिची दोन्ही टोकं कुठे जातात. टोक लायनिंगखाली गेलं पाहिजे. त्याला दोन रस्ते आहेत. एक, आधी पट्ट्या काठापासून काठापर्यंत चिकटवायच्या आणि लायनिंगला तेवढ्या जागी खाच पाडून ती वरून बसवायची. दोन, लायनिंग आधी लावायची आणि मग पट्टीसाठी तिच्यात खाच कोरायची. पहिला रस्ता स्वच्छ, दुसरा कंटाळवाणा. फितीचं मात्र सोपं आहे, ती पातळ असल्यामुळे लायनिंग सरळ तिच्यावरूनच चिकटते.

पण आवाज दबत नाही का?

हा आक्षेप वाजवणाऱ्यांचा. आत जितकं लाकूड वाढवाल तितकी गिटार मुकी होईल, असं त्यांना वाटतं. वरच्या फळीच्या बाबतीत हे खरंच आहे. तिच्याखाली एक जास्तीची काडी गेली तरी फरक पडतो, कारण तारांचा आवाज हवेत फेकते ती मुख्यतः तीच.

बाजूंचं तसं नाही. आधुनिक क्लासिकल गिटारचा (आज नायलॉनच्या तारा लावतात ती) आकार ज्याने घडवला तो स्पेनचा कारागीर आंतोनियो दे तोरेस, त्याने १८६२ साली एक गिटार बनवली, जिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. वरची फळी तेवढी नेहमीच्या काळजीने केलेली. आवाजाचं मूळ वरच्या फळीत आहे हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आज बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. बाजू कागदाच्या चालतात, तर त्यांच्यावर चिकटलेल्या काही ग्रॅमच्या काड्यांनी आवाज मरेल ही भीती सोडून द्यायला हरकत नाही. उलट आजचे काही कारागीर बाजू मुद्दाम जड आणि ताठ करतात. घुमटाचं भांडं मातीचं, जड असतं. थरथरतं ते कातडं. भांडंच लवचीक असतं तर थापेचा जोर तिथेच जिरला असता.

मग बऱ्याच क्लासिकल गिटारींत ह्या पट्ट्या का नसतात? नायलॉनच्या गिटारी हलक्या बांधायची परंपरा आहे, आणि त्यांचे मालक त्या माटोळीखाली ठेवत नाहीत.

आणि पट्टीनेच चीर पडली तर?

हा आक्षेप खरा आहे, आणि गोव्यात तर जास्तच खरा.

लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पण हे फुगणं-आकसणं तंतूंना आडव्या दिशेने होतं, लांबीने जवळजवळ नाहीच. बाजूची १०० मिलिमीटर उंची म्हणजे तंतूंना आडवी दिशा, ती बदलणार. तिच्यावर चिकटलेल्या उभ्या पट्टीची लांबी तिच्या स्वतःच्या तंतूंच्या दिशेने आहे, ती बदलणार नाही. एकाला हलायचंय आणि दुसऱ्याने त्याला मिठी मारलीय.

किती हलायचंय? आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास सहज असते. आर्द्रता म्हणजे हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे तो आकडा. एसी लावलेल्या खोलीत ती ४५-५० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. शिसवीची फळी नीट, म्हणजे खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेली असेल, तर ढोबळ हिशेबाने एवढ्या फरकात १०० मिलिमीटरची उंची पाऊण मिलिमीटरच्या आसपास आकसायला बघते. दिसायला क्षुल्लक. पण शिसवीला आडव्या दिशेने ओढून एवढं ताणणं तिच्या सहनशक्तीच्या काठावर जातं.

यावर उपाय दोन. पट्टी पातळ आणि अरुंद ठेवायची, म्हणजे तीही थोडी नमते. आणि दुसरा, मोठा: *कोरड्या हवेत चिकटवायचं.* ४५-५० टक्क्यांवर जोडलेली गिटार पावसाळ्यात फुगते, तारा थोड्या उंच होतात, वाजवणारा कुरकुरतो, पण लाकूड फाटत नाही, कारण दाबाने लाकूड चिरत नाही. ८५ टक्क्यांवर जोडलेली गिटार पुढे हॉटेलच्या एसीत गेली की आकसायला बघते, पट्टी तिला आकसू देत नाही, आणि मग बाजू स्वतःच वाट काढते. सुका पापड ओला झाला तर वाकडा होतो. ओला पापड चारही बाजूंनी चिकटवून वाळवा, मधे फाटेल.

पणजीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधे. म्हणजे आमच्यासारख्यांनी ते चार महिने सरसाची बाटली बंद ठेवायची का? मी आईची युक्ती वापरतो. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून ती कपाटात विजेचा बल्ब लावून ठेवायची. हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद वाढते आणि आर्द्रतेचा आकडा उतरतो. २७ अंशांची ८५ टक्क्यांची हवा ३७ अंशांवर नेली की आकडा पन्नासच्या खाली येतो. माझं ‘कोरडं गोदाम’ म्हणजे एक जुनं कपाट, तळाशी एक बल्ब आणि एक आर्द्रतामापक. बाजू त्यात पंधरवडाभर टांगायच्या, बाहेर काढल्या की त्याच दिवशी पट्ट्या लावायच्या, आणि परत आत.

प्लायच्या बाजू केल्या तर झंझटच नको

बरोबर. दुकानातल्या स्वस्त गिटारींच्या बाजू बहुधा प्लायच्याच असतात. थर एकमेकांना आडवे, त्यामुळे चीर धावायला वाटच नाही. अशी गिटार नारळाने फुटली तर चेपते, चिरत नाही. हाताने बनवणारेही कधी दोन पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून दुहेरी बाजू करतात. बाजू दगडासारखी होते, पण काम दुप्पट आणि शिसवही जवळजवळ दुप्पट. तेवढी शिसव मला झेपत नाही. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या, कराराखाली परवान्याची अट आली. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, कच्च्या फळीला नाही.

पिकअपचं भोक

हे गोव्यातल्या वाजवणाऱ्यांसाठी खास. इथे गिटार किनाऱ्यावरच्या शॅकवर, लग्नात, बँडमधे स्पीकरला जोडूनच वाजते, त्यामुळे बाजूत चौकोनी भोक पाडून पिकअपची, म्हणजे गिटारचा आवाज स्पीकरकडे पाठवणारी, डबी बसवून घेणारे खूप. चौकोनी भोकाचे कोपरे म्हणजे चिरेला आयतं दार. झावळीला नखाने दिलेली ती पहिली चीर आपण स्वतःच देतो. कापायचंच असेल तर आधी चारही कोपऱ्यांना गोल छिद्रं पाडून घ्या, मग सरळ कडा कापा, आणि भोकाच्या दोन्ही अंगांना आतून उभी पट्टी लावा, लायनिंगपर्यंत. कापणारा “पट्टी मधे येतेय, काढून टाकू का?” म्हणाला तर गिटार उचलून घरी या. वायर जोडायचा जॅक शेपटीच्या ठोकळ्यातून बाहेर काढणं यापेक्षा कितीतरी बरं. तिथे लाकूड जाड आहे, छिद्र गोल आहे.

भाच्याच्या गिटारची पहिली चीर मी एका संध्याकाळीत बसवली. सरस आत चोळला, आतून एक छोटं ठिगळ, आत एक चुंबक आणि बाहेर दुसरा, की आपोआप दाब. दुसऱ्या चिरेला नऊ ठिगळं लागली, सगळी गोल भोकातून हात घालून, आरशात उलटं बघत. मग प्रत्येक पट्टीच्या टोकाशी उरलेली ती फट भरायला ४-५ मिलिमीटरचे तुकडे कापले. ते बोटाच्या टोकावर धरून जागेवर नेईपर्यंत निम्मे आत पडायचे, आणि गिटार उलटी करून हलवली की खुळखुळ वाजायची. भाचा म्हणाला, आता हिला शामेळासोबत घेऊया.

नव्या गिटारच्या बाजू सध्या कपाटात आहेत. मापक ५४ दाखवतोय. पट्ट्या कापून ठेवल्यात, या खेपेला पाच मिलिमीटर जास्तीच्या.